फेरफार कोणाचा, दंड कोणाला?

कार्तिकी पौर्णिमेला बीड तालुक्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून, तसेच कर्नाटक आणि तेलंगणातून लिंगायत भाविकांचे लोंढे येतात. बालाघाटच्या कुशीतील त्या धबधब्याकडे जाणाऱ्या वाटा दिंड्यांनी फुलून जातात. श्रमाला ‘कायक’ म्हणून ईश्वरसेवेचा मान देणाऱ्या परंपरेचे हे क्षेत्र आहे. परंतु त्याच दिवसांच्या मागेपुढे, कपिलधारपासून जवळच असलेल्या मांजरसुंब्याच्या फाट्यावरून दुसरीही एक यात्रा पश्चिमेकडे सरकत असते. तिला पताका नसतात, टाळ-मृदंग नसतात आणि पुण्यप्राप्तीची आशाही नसते. केज, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकातील कारखान्यांकडे निघालेल्या असतात. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत बाजा, भांडी, सरपण, पोती, शेळ्या, आणि या सर्वांच्या वर जमेल तशी बसलेली माणसे. पदराखाली मूल घेतलेल्या बाया आणि पेंगुळलेली म्हातारी. सहा महिन्यांच्या कायकाला निघालेल्या या यात्रेकडे राज्याचा मोटार-वाहन कायदा कोणत्या डोळ्याने पाहतो, हा प्रश्न विचारण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

गेल्या काही वर्षांत वाहनांतील फेरफार हा विषय फार चर्चिला गेला. गाडीला रुंद टायर बसवावेत की नाहीत, जादा दिवे लावावेत की नाहीत, सायलेन्सर बदलावा की नाही, यावर शहरी वर्गात पुष्कळ वाद झडले. परंतु ज्या फेरफारावर महाराष्ट्राचा एक प्रचंड उद्योग उभा आहे आणि ज्याची किंमत दर हंगामाला माणसांच्या हाडामांसाने चुकती केली जाते, त्याच्याविषयी या चर्चेत एक शब्दही उच्चारला गेला नाही. हे मौन अज्ञानाचे नाही. ते सोयीचे आहे.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला नोंदणी मिळणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती अधिनियम संमत केला. मालकाने कायद्याला मान्य नसलेला फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. रस्ता हा सर्वांच्या मालकीचा आहे. त्यावर धावणारे यंत्र ही केवळ त्याच्या मालकाची खाजगी बाब राहू शकत नाही. काळ्या काचांआड बसून सायरनसारखा भोंगा वाजवत जाणाऱ्या धनिकपुत्राचे स्वातंत्र्य हे पायी चालणाऱ्याच्या जिवापेक्षा मोठे नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळ्या फिती चिकटवण्यास मनाई केली आणि २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकारने गाडीपुढे लावले जाणारे लोखंडी गार्ड बेकायदा ठरवले. ते गार्ड पादचाऱ्याला घातक ठरतात, हे त्यामागील कारण रास्तच होते. फेरफारावर नियंत्रण नको, असे समाजवादी विचाराचा माणूस म्हणणार नाही. त्याचे म्हणणे वेगळे आहे. फेरफार म्हणजे काय, तो कोण करतो आणि त्याचा नफा कोणाच्या खिशात जातो, हे तीन प्रश्न न विचारता केलेले नियंत्रण हे न्यायाचे सोंग असते.

याच कलमातील एक पोटकलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ज्याच्या मालकीची किमान दहा परिवहन वाहने आहेत, त्याला नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बदलून बसवण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेने देऊ शकते. एका गाडीवर प्रपंच चालवणाऱ्याने मात्र तेच काम करण्यासाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावेत. दहा गाड्यांचा मालक प्रामाणिक आणि एका गाडीचा मालक संशयास्पद, असे गृहीत धरणारा कायदा वर्गनिरपेक्ष आहे, असे कोणी म्हणू नये.

दंडाचे दरही बोलके आहेत. अवैध फेरफार झालेल्या एका भागामागे ५,००० रुपये दंड. परिवहन वाहनात मंजूर संख्येपेक्षा जादा कोंबलेल्या प्रत्येक प्रवाशामागे दंड आहे २०० रुपये. कायद्याच्या तराजूत एक बदललेला भाग पाच हजारांचा भरतो आणि एक कोंबलेला माणूस दोनशेचा!

खरा फेरफार वेल्डिंगने होत नाही

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरकडे आता पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील व्याख्येनुसार कृषी ट्रॅक्टर हे शेतातील कामांसाठी आणि ट्रेलरमधून शेतीसाहित्य वाहून नेण्यासाठी बनवलेले वाहन आहे आणि ते ‘परिवहनेतर’ वाहन आहे. व्याख्या शेतकऱ्याच्या हिताचीच आहे. आपल्या शेतातील धान्य आडतीवर नेणाऱ्या कुणब्याला मालवाहू ट्रकच्या कर आणि परवान्याच्या जाचातून वाचवावे, हा तिचा हेतू. परिवहन वाहनाला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, ज्याला रस्त्यावरची भाषा ‘पासिंग’ म्हणते. परिवहनेतर वाहनाला ही नियमित तपासणी लागू होत नाही.

हंगाम सुरू होताच नेमके काय घडते? हाच ट्रॅक्टर कारखान्याशी केलेल्या तोडणी-वाहतूक कराराने बांधला जातो. त्याच्यामागे एक नव्हे, दोन ट्रॉल्या जोडल्या जातात. रात्रंदिवस, डांबरी रस्त्यावरून, भाड्याने, एका अवाढव्य उद्योगाचा कच्चा माल तो ओढू लागतो. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या फळ्यांच्या कितीतरी वर आणि दोन्ही बाजूंना बाहेर रचल्या जातात. मागचा लाल दिवा असलाच तर वाढ्यांच्या आड झाकला जातो. मागच्या ट्रॉलीला स्वतःचे चालते ब्रेक आहेत काय, दोन ट्रॉल्यांना जोडणारी पिन किती झिजली आहे, हे पाहणारा कोणी नसतो. कागदावर तो शेतकऱ्याचे अवजार राहतो. प्रत्यक्षात तो कारखान्याचा मालट्रक झालेला असतो.

हा फेरफार नव्हे काय? गाडीचा एकही बोल्ट न बदलता तिचा संपूर्ण उपयोग बदलला आहे. तिचा भार बदलला, वेग बदलला, धनी बदलला, धंदा बदलला. बदलले नाही ते फक्त प्रमाणपत्र. मोटारीचा रंग किंवा दिवा बदलला तर तो हुडकून काढणारा कायदा वाहनाचा आर्थिक स्वभावच बदलला तरी त्याला पाहू शकत नाही. कारण कायद्याने फेरफाराची व्याख्या पत्र्यापुरती, लोखंडापुरती ठेवली आहे.

हंगामाच्या दोन्ही टोकांना तीच ट्रॉली माणसे वाहते, तेव्हा फेरफार दुप्पट होतो. माल वाहण्यासाठी बांधलेल्या, बसण्याची जागा नसलेल्या, धरायला आधार नसलेल्या पेटीत कुटुंबेच्या कुटुंबे शेकडो किलोमीटर नेली जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजणारा हा उद्योग आहे. माणसाचे अवजारात रूपांतर भाषेनेच केलेले असल्यावर अवजारांच्या पेटीत माणसे भरण्याचे कोणाला नवल वाटणार?

काटा सर्व काही जाणतो

‘आम्हाला वाहनाशी कर्तव्य नाही, ते वाहतूकदाराचे आहे,’ हे कारखानदारीचे ठरलेले उत्तर असते. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम चालकाकडे दाखवतो, आणि चालक अपघातानंतर बहुधा रुग्णालयात किंवा कोठडीत असतो. जबाबदारीची ही उतरंड अशी रचली आहे की नफा वर चढतो आणि गुन्हा खाली घसरतो.

परंतु या बनावाला साखर कारखान्याच्या दारातच छेद देणारी एक वस्तू उभी आहे. ती म्हणजे वजनकाटा. कारखान्यात शिरणारे प्रत्येक वाहन भरलेले तोलले जाते, खाली करून पुन्हा तोलले जाते, आणि दोहोंतील फरकावर शेतकऱ्याचे व वाहतूकदाराचे पैसे ठरतात. म्हणजे कोणती ट्रॉली, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती भार घेऊन सार्वजनिक रस्त्यावरून आली, याचा किलोपर्यंतचा लेखी पुरावा कारखान्याच्या दप्तरात रोज जमा होत असतो. नोंदणी प्रमाणपत्रात मंजूर भार लिहिलेला असतोच. एकातून दुसरा आकडा वजा करण्यास परिवहन खात्याला कोणत्या संशोधनाची गरज आहे?

कायद्यातही मार्ग नाही असे नाही. मंजूर भारापेक्षा अधिक वजनाचे वाहन किंवा ट्रेलर जो चालवतो, ‘चालवायला लावतो’ किंवा ‘चालवू देतो’, तो प्रत्येक जण दोषी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. अधिनियमाने हे शब्द उगाच घातलेले नाहीत. करार करणारा, भार स्वीकारणारा, त्याचे पैसे मोजणारा आणि दुसऱ्या दिवशी तेच वाहन पुन्हा फडात पाठवणारा कारखाना ‘चालवायला लावणारा’ नाही, तर मग कोण आहे? घाटातल्या वळणावर हात दाखवून एका चालकाला पावती फाडणारे शासन काट्यावरच्या वहीकडे मात्र पाठ फिरवते. कारण चालक मतदार असतो आणि कारखाना मतदारसंघ असतो.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचा जागर होतो. कारखान्याच्या आवारात अधिकारी व पदाधिकारी जमतात, ट्रॉलीच्या मागे चकाकणारी पट्टी चिकटवतात, छायाचित्र निघते. पट्टी चांगलीच आहे. अंधारात ती एखाद्या मोटारसायकलस्वाराचा जीव वाचवील. तथापि हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि पट्टी जानेवारीत लागते, यावरून सुरक्षेचा हा कळवळा कोणाच्या दिनदर्शिकेने चालतो, हे ओळखावे.

जुगाड आणि त्याचा कारागीर

बीड जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाशेजारच्या गॅरेजमध्ये असा एखादा कारागीर सापडतो, की ज्याने मोडीत निघालेल्या गाडीच्या चाकांवर बैलगाडीचा साटा चढवला, छोट्या ट्रॅक्टरला जोडगाडी केली, किंवा अपंग माणसाला चालवता येईल अशी स्कूटर सिद्ध केली. बैलजोडीच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यापासून उसाच्या फडातही अशी ट्रॅक्टरगाडी आली. मजूर तिला जुगाड म्हणतात. दारिद्र्याने बुद्धीला दिलेल्या आव्हानाचे ते उत्तर आहे.

२०१३ साली राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हेही मोटार वाहनच होय आणि त्याला नोंदणी, योग्यता, विमा हे सर्व नियम लागू होतात, असा निर्वाळा दिला. निर्वाळा योग्यच होता, कारण जुगाडाखाली सापडणारा माणूसही खराखुरा मरतो. परंतु न्यायालयाने दार दाखवले तरी शासनाने त्या दाराशी पायरी बांधली नाही. वाहनाच्या नमुन्याची चाचणी करून त्याला मान्यता देण्याची आपली व्यवस्था मोठ्या उत्पादकाला डोळ्यापुढे ठेवून रचलेली आहे. देशातील मान्यताप्राप्त चाचणी संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि केंद्रीय मार्ग परिवहन संस्था या दोन पुण्यात आहेत आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अंतराच्या हिशेबाने पाहिले तर केजच्या कारागिराला ज्ञान दारात आहे. वर्गाच्या हिशेबाने मात्र ते परदेशात आहे. हजारो गाड्या विकून चाचणीचा खर्च वसूल करणाऱ्या कंपनीला जे परवडते, ते एक गाडी बनवणाऱ्याला कसे परवडावे?

इतर देशांनी यावर उपाय काढले आहेत. जर्मनीत वाहनाच्या रचनेत केलेला बदल अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवता येतो, आणि एकट्यादुकट्या वाहनालाही तपासणीअंती मान्यता मिळू शकते. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या किंवा मुळातून बदललेल्या वाहनासाठी एकेका वाहनाच्या मान्यतेची स्वतंत्र पद्धत आहे. ही काही समाजवादी राष्ट्रे नव्हेत. तरीही ‘बदल करू नको’ एवढेच सांगून न थांबता ‘बदल करायचा तर असा कर आणि येथे तपासून घे’ हे सांगणे त्यांनी राज्याचे कर्तव्य मानले. आपल्याकडे मनाई आहे आणि मनाईच्या आडून चालणारी चिरीमिरी आहे. मधली, प्रामाणिक माणसाची वाट नाही.

तपासणीचा बाजार

ज्यांना तपासणी लागू आहे, त्यांची तरी ती कशी झाली? १९८८ चा अधिनियम १९८९ साली अमलात आला. त्यानंतर जवळजवळ २७ वर्षांनी, २०१६ साली, एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, प्रत्येक परिवहन कार्यालयाकडे वाहनाचे ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटर लांबीचा चाचणी मार्ग असलाच पाहिजे. पाव किलोमीटर रस्ता! ज्या राज्याने द्रुतगती महामार्ग बांधले, त्या राज्याच्या अनेक परिवहन कार्यालयांपाशी ब्रेक दाबून पाहण्याइतकी जागा नव्हती, आणि तरीही वर्षानुवर्षे ब्रेक उत्तम असल्याची प्रमाणपत्रे निघत होती.

आता यावर यंत्रांचा उतारा सुचवण्यात आला आहे. माणूस पैसे खातो म्हणून स्वयंचलित तपासणी केंद्रे उभारावीत, असे ठरले. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. ब्रेकची पकड यंत्राने मोजली जावी हे बरेच. परंतु ही केंद्रे खाजगी गुंतवणूकदारांनाही चालवता येतात. सुरक्षेचे प्रमाणपत्र हीच विक्रीची वस्तू झाली, की ती विकणाऱ्याचे हित कशात असेल, हे अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही कळते. शुल्काची दिशाही त्याच बाजूची आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील अवजड वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे शुल्क १२,५०० रुपये करण्यात आले. जुने वाहन कोण चालवतो? ज्याला नवे घेता येत नाही तो. त्याच्याकडून एवढी रक्कम घेतल्याने ब्रेक सुधारत नाहीत. उलट ब्रेकच्या दुरुस्तीला ठेवलेले पैसे शुल्कात जातात, किंवा तो तपासणीच चुकवतो. आणि एवढे सारे होऊनही, उसाच्या ट्रॉलीचा तो सबंध तांडा ‘शेतीचे अवजार’ म्हणून या तपासणीच्या बाहेरच राहतो.

मेल्यानंतरचा फेरफार

अपघात झाल्यावर कायद्याचे हे आंधळेपण क्रौर्यात बदलते. मालवाहू वाहनातून फुकट नेल्या जाणाऱ्या प्रवाशाच्या मृत्यूबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. वाहनमालकाचा नोकर म्हणून मजूर गाडीत होता, असे सिद्ध झाल्यास काही मार्ग उघडतो. परंतु ऊसतोड मजूर कोणाचा नोकर? कारखाना म्हणतो, आमच्या हजेरीपटावर नाही. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला उचल दिली. मुकादम म्हणतो, मी स्वतःच कर्जात आहे. आणि मोळ्यांवर झोपलेले चार वर्षांचे पोर? ते तर कोणाचेच नोकर नव्हते. ट्रॉली हे माणसांचे वाहन नव्हते, म्हणून त्यात मेलेली माणसे विम्याच्या दृष्टीने प्रवासीही नव्हती. जिवंतपणी ज्या बेकायदेशीरपणाकडे सर्वांनी काणाडोळा केला, तोच मरणानंतर नुकसानभरपाई नाकारण्याचा कायदेशीर आधार होतो. शासनाचा निष्काळजीपणा, कारखान्याचा लोभ आणि कंपनीचा नफा यांची बेरीज शेवटी एका विधवेच्या अंगावर येते, आणि तिच्या नवऱ्याने घेतलेली उचल मात्र माफ होत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

या म्हणण्यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, भार कमी केला तर खेपा वाढतील, ऊस वाळेल, उतारा घटेल. या आक्षेपात तथ्य आहे असे मानले तरी कारखान्याच्या आवारात भरलेल्या ट्रॉल्या तासन् तास रांगेत का उभ्या असतात, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. रस्त्यावर माणसे चिरडून वाचवलेला वेळ जर गव्हाणीसमोरच्या रांगेत वाया जात असेल, तर दोष भाराच्या मर्यादेचा नसून कारखान्याच्या नियोजनाचा आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या नावाने केला जातो. वाहतूक महागली की तोडणी-वाहतुकीची कपात वाढेल आणि उसाचा दर कमी होईल, असे भय घातले जाते. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता कामा नये. वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून कापून घेण्याची पद्धत आहे, म्हणूनच सुरक्षेचा खर्च या कपातीत मिळवता येणार नाही, असे बंधन कारखान्यावर घालणे आवश्यक आहे. साखर, मळी, मद्यार्क, इथेनॉल आणि वीज यांवर चालणाऱ्या उद्योगाला ट्रॉलीच्या ब्रेकचा खर्च पेलत नाही, असे म्हणणे हा शेतकऱ्याच्या पाठीआड लपण्याचा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मानभावी असतो. ट्रॉलीतून माणसे नेऊ नयेत, तर मग मजूर जाणार कसे? गरिबाच्या पोटावर पाय का आणता? येथे असे विचारावे की, आषाढीला पंढरपुरासाठी जादा गाड्या सोडणारी एस.टी. ऊसतोडीच्या स्थलांतरासाठी गाड्या का सोडू शकत नाही? १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरपर्यंत रेल्वे सुरू झाली. अनेक पिढ्यांनी तिची वाट पाहिली. तिच्या पहिल्या फेरीचे सोहळे झाले. परंतु जिल्ह्यातून सर्वाधिक संख्येने बाहेर जाणारा जो माणूस, त्याच्यासाठी हंगामी गाडीचा विचार कोणत्या सोहळ्यात झाला? सामान ट्रकने जाईल आणि माणसे आसनावर बसून जातील, एवढी साधी गोष्ट अशक्य ठरवण्यात कोणाचे हित आहे? प्रत्येक टन उसामागे कारखान्यांकडून रक्कम घेऊन मजुरांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले आहे. मजूर कामाच्या जागी जिवंत पोचणे हे त्याच्या कल्याणाचे पहिले कलम नव्हे काय?

काय केले पाहिजे?

गाळप परवाना देताना साखर आयुक्तालयाने एक अट घातली पाहिजे. कारखान्याशी करारबद्ध असलेले प्रत्येक वाहन आणि प्रत्येक ट्रॉली हंगामापूर्वी कारखान्याच्या आवारात शासकीय मोटार वाहन निरीक्षकाने तपासलेली असावी. ब्रेक, जोड, टायर, मागचे दिवे आणि परावर्तक यांची नोंद व्हावी, आणि तपासणीचा खर्च कारखान्याने सोसावा. ज्या ट्रॉलीची तपासणी नाही, तिचा ऊस काट्यावर घेतला जाणार नाही, एवढे ठरले की सगळी यंत्रणा पंधरवड्यात सरळ होईल. वजनकाट्याच्या नोंदी परिवहन खात्याला रोज उपलब्ध झाल्या पाहिजेत आणि जादा भाराच्या दंडात कारखान्याला पहिला दोषी मानले पाहिजे. भाड्याने ऊस वाहणारा ट्रॅक्टर हंगामापुरता परिवहन वाहन समजला जावा. त्यासाठी स्वतःच्या शेतातील माल नेणाऱ्या कुणब्याला हात लावण्याचे कारण नाही. माणसांची वाहतूक कारखान्याच्या खर्चाने एस.टी.ने झाली पाहिजे. अपघात झाल्यास, कोणाचा हजेरीपट कोठे आहे हे न पाहता, ज्या कारखान्यासाठी टोळी निघाली होती त्याची जबाबदारी कायद्याने गृहीत धरली पाहिजे. आणि गॅरेजातील कारागिरासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, शासकीय तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या साहाय्याने, एकेका वाहनाला अल्प शुल्कात मान्यता देणारी सोय उभी राहिली पाहिजे.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. बहुतेकांना आधार देणारे शब्द कायद्यात आजच लिहिलेले आहेत. उणीव आहे ती ते शब्द वरच्या दिशेने वाचण्याच्या इच्छेची. आणि ती इच्छा वातानुकूलित कक्षात आपोआप जन्मणार नाही. ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी दरवाढीच्या मागणीबरोबरच तपासणीची मागणी हंगामी कराराच्या टेबलावर ठेवली, आणि विनातपासणीच्या ट्रॉलीत बसण्यास टोळ्यांनी नकार दिला, तरच ती जन्माला येईल. एस.टी. कामगार, वाहनचालक आणि छोटे ट्रॅक्टरमालक यांचे हितही याच बाजूला आहे. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर दरीत गेला, की त्याचा मालकही उद्याचा ऊसतोड्याच होतो.

पुढल्या कार्तिकीलाही कपिलधारच्या वाटेवर दिंड्या चालतील. समाधीपुढे माथा टेकणाऱ्यांना कायकाचा महिमा सांगितला जाईल. त्याच सुमारास मांजरसुंब्याच्या फाट्यावरून ट्रॉल्या जात राहतील. कायक हाच जर कैलास असेल, तर त्याच्याकडे निघालेल्या माणसाला निदान बसायला जागा, धरायला आधार आणि लागणारे ब्रेक मिळाले पाहिजेत. फेरफार करायचाच असेल, तर तो आधी या व्यवस्थेच्या रचनेत झाला पाहिजे. त्याचे प्रमाणपत्र कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ते श्रमिकांच्या संघटित शक्तीलाच द्यावे लागते.